ग्रुपवेअर डेटाबेसशी सीएमएसची जोडणी

कार्यालयाचे ई-मेल, कॅलेंडर, पत्तावही आणि परिपत्रके ज्या सामायिक प्रणालीत साठतात ती ग्रुपवेअर. त्या साठ्यातली निवडक माहिती संकेतस्थळाच्या आशय व्यवस्थापन प्रणालीत, म्हणजे सीएमएसमध्ये, आपोआप यावी, पुन्हा टंकावी लागू नये, यासाठी केलेली व्यवस्था म्हणजे ही जोडणी. ग्रुपवेअरच्या बाजूला बहुधा डोमिनो (लोटस नोट्सचा सर्व्हर), एक्स्चेंज, झिंब्रा, ईग्रुपवेअर किंवा सोगो असते. सीएमएसच्या बाजूला ड्रुपल, वर्डप्रेस किंवा जूमला.

मुंबईतल्या जुन्या कार्यालयांत ग्रुपवेअर संकेतस्थळापेक्षा वयाने मोठे असले तर नवल नाही. लोटस नोट्सची पहिली आवृत्ती १९८९ची. विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट खुले केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. फोर्टमधल्या मुख्य कार्यालयात सर्व्हर, ठाणे-वाशीला शाखा, संकेतस्थळ क्लाउडवर आणि मजकूर मराठी-इंग्रजी मिसळलेला, अशी मांडणी असली की पुढच्या बहुतेक अडचणी एकाच ठिकाणी भेटतात.

साठ्याची जात : ‘डेटाबेस’ हा शब्द इथे फसवा आहे. ईग्रुपवेअरचा साठा मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या डेटाबेस प्रणालींच्या साध्या टेबलांत असतो, तो वाचणे सोपे. सोगोही टेबलेच वापरते, पण कार्यक्रमाचा मूळ मजकूर आयकॅलेंडर या कॅलेंडर-नमुन्याच्या रूपात एका रकान्यात अख्खाच्या अख्खा ठेवते. तो उलगडल्याशिवाय उपयोग नाही. झिंब्राची खाती एलडॅप या निर्देशिकेमध्ये, नोंदींचा तपशील मारियाडीबीत आणि प्रत्यक्ष पत्रे डिस्कवरच्या फायलींत, म्हणजे एका साठ्याचे तीन तुकडे. डोमिनोच्या एनएसएफ फायलीत टेबलेच नसतात, असतात ती डॉक्युमेंटे. एक्स्चेंजच्या साठ्यावर एसक्यूएल, म्हणजे टेबलांना प्रश्न विचारायची भाषा, चालत नाही. तिथे बहुधा त्याच्या वेब सर्व्हिसेस किंवा मायक्रोसॉफ्टचे ग्राफ, म्हणजे माहिती मागण्याचे इंटरफेस, हाच दरवाजा.

वाचन चालते, लेखन नको : टेबले उघडी दिसली की त्यांत थेट लिहिण्याचा मोह होतो. तो टाळावा. ग्रुपवेअर प्रत्येक बदलासोबत आवृत्तिक्रमांक व ई-टॅग (बदलाची खूण) बदलते आणि फोनमधली कॅलेंडरे त्यावरूनच बदल ओळखतात. परस्पर ओळ बदलली तर संगणकावर बैठक चारला आणि साहेबांच्या फोनवर तीनलाच राहते. म्हणून जोडणीसाठी वेगळे खाते काढून त्याला ‘सिलेक्ट’, म्हणजे वाचण्याचा, एवढाच अधिकार द्यावा, तोही मूळ टेबलांवर नव्हे तर खास बनवलेल्या व्ह्यूंवर, म्हणजे निवडक रकानेच दाखवणाऱ्या आभासी टेबलांवर. आवृत्ती वाढल्यावर टेबलांची रचना बदलली, तर फक्त व्ह्यू दुरुस्त करावे लागतात, सीएमएसला हात लागत नाही. शक्य असेल तिथे वाचन मूळ सर्व्हरऐवजी त्याच्या प्रतिकृतीवरून करावे.

पान उघडताच थेट ग्रुपवेअरला विचारणारी रचना चाचणीत उत्तम चालते. पण मायएसक्यूएलची एकावेळच्या जोडण्यांची मूळ मर्यादा १५१ आहे. संकेतस्थळावर गर्दी झाली की ती भरते आणि कार्यालयाची मेल अडकते. त्यापेक्षा दर १० मिनिटांनी बदललेल्या नोंदी सीएमएसमध्ये उतरवून घ्याव्यात. ‘शेवटचा बदल’ या वेळेच्या पाच मिनिटे मागून वाचन सुरू करावे, कारण दोन सर्व्हरांची घड्याळे तंतोतंत जुळत नाहीत. तीच नोंद दुसऱ्यांदा आली तरी बिघडत नाही, मात्र प्रत्येक नोंदीची कायम ओळख सीएमएसच्या वेगळ्या रकान्यात हवी. डोमिनोत ही ओळख म्हणजे ३२ अंकाक्षरांचा यूएनआयडी. छोटा नोट आयडी वापरू नये, तो प्रत्येक प्रतिकृतीत वेगळा असतो.

खोडलेली नोंद ‘बदललेल्यां’च्या यादीत येत नाही. त्यासाठी रोज रात्री सगळ्या ओळखींची यादी ताडून पाहावी. डोमिनोत खोडल्याची खूण मागे राहते, पण साधारण ९० दिवसच. यादी रिकामी आली किंवा एकदम बरीच आटली, तर काहीही न खोडता काम थांबवून माणसाला कळवावे; नाहीतर रात्री तुटलेल्या लाइनमुळे सकाळी संकेतस्थळ कोरे दिसते.

वेळ : पूर्ण दिवसाचा कार्यक्रम भारतीय वेळेच्या मध्यरात्री सुरू होणारा म्हणून साठवला आणि वाचताना तो जागतिक वेळेत नेला, की साडेपाच तास मागे जातो. १ मेचा महाराष्ट्र दिन संकेतस्थळावर ३० एप्रिलला दिसतो तो असा. अशा नोंदींची फक्त तारीख घ्यावी, वेळेचा पट्टा लावूच नये.

लिपी : मराठी कार्यालयांत सर्वाधिक वेळ इथे जातो. मायएसक्यूएलचा जुना ‘यूटीएफ८’ वर्णसंच एका चिन्हाला तीनच बाइट देतो. देवनागरी चिन्हाला तीनच लागतात, म्हणून चाचणीत सारे ठीक. मग गणपतीच्या परिपत्रकात कुणी चार बाइटांचे इमोजी टाकते आणि नोंद नाकारली जाते किंवा मजकूर तिथेच तुटतो. दोन्ही टोकांना आणि मधल्या जोडणीलाही ‘यूटीएफ८एमबी४’ ठेवावा. जोडणी लॅटिन संचावर राहिली तर प्रत्येक देवनागरी चिन्हाजागी तीन परकी चिन्हे उमटतात.

त्याहून चिवट प्रकरण जुन्या फॉन्टांचे. श्री-लिपी, आकृती यांच्या युनिकोडपूर्व फॉन्टांतील मजकूर साठ्यात देवनागरी नसतोच. इंग्रजी संकेतांवर फॉन्टने चढवलेला तो वेश असतो. प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा, शिवाय ऱ्हस्व इकार अक्षराआधी आणि रफार नंतर साठलेला, त्यामुळे नुसती अदलाबदल पुरत नाही, क्रमही फिरवावा लागतो. युनिकोडमध्येही खाचा आहेत. ‘ॲ’ हे एक चिन्ह आणि ‘अ’वर दिलेला चंद्र दिसायला सारखे, पण शोधात वेगळे, आत घेतानाच एक रूप ठरवावे. काही जुन्या कीबोर्डांवर ‘दऱ्या’ लिहिताना साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह येते. सीएमएसच्या सफाईत ते अदृश्य चिन्ह गळले, की दऱ्यांचा दर्या होतो.

अधिकार : जोडणीचे खाते त्याला उघडलेले सगळे वाचू शकते आणि सीएमएस वाचलेले सगळ्यांना दाखवते. नोट्समधल्या, नोंद कुणी वाचायची ते ठरवणाऱ्या ‘वाचक’ रकान्याचे बंधन या वाटेत गळून पडते. म्हणून ‘गोपनीय वगळा’ असा नियम न लावता, प्रसिद्धीसाठी मुद्दाम खूण केलेल्याच नोंदी घ्याव्यात. पत्तावहीतले खासगी मोबाइल क्रमांक व्ह्यूमध्येच येऊ देऊ नयेत. अशा माहितीसाठी वेगळा कायदाही आहे, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ सालचा. केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे सर्ट-इनच्या, एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार प्रणालींचे लॉग (कामकाजाच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात. जोडणीची स्क्रिप्ट क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालते म्हणून तिचे लॉग वगळले जातात. तेही त्याच मुदतीत धरावेत.