पार्श्वभूमी : रोडरनर, कायोटी आणि नंतर लिहिलेले नियम

रोडरनर हा वाळवंटातला सुसाट धावणारा पक्षी आणि कायोटी हा त्याच्या मागे लागलेला, कोल्ह्यासारखा प्राणी : या दोघांच्या पाठलागाची ही अमेरिकन कार्टूनपटांची मालिका. पण १७ सप्टेंबर १९४९ला आलेला ‘फास्ट अँड फरी-अस’ हा तिचा पहिला भाग म्हणून काढलेलाच नव्हता. पाठलागाच्या कार्टूनपटांचा तेव्हा इतका सुकाळ होता की त्यांची एकदा टर उडवावी, एवढाच बेत होता. लोकांनी टर बाजूला ठेवली आणि पाठलागालाच हसले. तरी दुसरा पट यायला १९५२ उजाडलं. कायोटीचं ‘वायली ई.’ हे नावही त्याच वर्षीचं, आणि तेही बग्ज बनी या सशाबरोबरच्या वेगळ्याच पटातलं.

अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या लोककथांत ठक असतो तो कायोटी. इथे तोच फसतो. त्याचं हाडकुळं, कायम भुकेलेलं रूप १८७२च्या एका प्रवासवर्णनातून आलं. प्रत्यक्षात कायोटी ताशी ६० किलोमीटरच्या पुढे पळतो आणि हा पक्षी जेमतेम ३०च्या आसपास, त्यामुळे खरी शर्यत लागली तर पट श्रेयनामावलीतच आटोपेल.

वाद आहे तो या पाठलागात काय चालेल आणि काय नाही, हे सांगणाऱ्या नियमांच्या यादीचा. या पटांचा दिग्दर्शक चक जोन्स याच्या नावावर असलेली ही यादी २०१५मध्ये एका प्रदर्शनातल्या फलकाच्या फोटोमुळे जगभर फिरली. पक्ष्याने ‘बीप-बीप’ करण्यापलीकडे कायोटीला इजा करायची नाही. कायोटीचं नुकसान दोनच गोष्टींनी व्हायचं : त्याचा स्वतःचा अडाणीपणा किंवा अ‍ॅक्मीचा, म्हणजे तो ज्या काल्पनिक कंपनीकडून सापळ्यांची साधनं मागवतो तिचा, फसलेला माल. गुरुत्वाकर्षण हा त्याचा सगळ्यात मोठा शत्रू. यादी देखणी आहे, पण सुरुवातीचे पट जो लिहीत होता, त्याने मुलाखतीत सांगितलं की असे नियम आपण कधी ऐकलेच नाहीत. पहिला पट लावून बघितला की त्याचंच म्हणणं पटतं. कायोटी शाळकरी मुलीचा वेष घेऊन रस्ता ओलांडायला उभा राहतो, तर पक्षी त्याला उडवून पुढे जातो आणि तसाच केसांचा टोप घालून, रोडरनरला वाचता येत नाही अशी पाटी घेऊन परत येतो. शेवटी कायोटीला धडकते ती बस. तिथे अडाणीपणाही नाही आणि अ‍ॅक्मीही नाही. म्हणजे इथला पक्षी चक्क खोडकर आहे. पुढे त्याची खोडी कमी होत गेली आणि गंमत कायोटीच्या खटपटींकडे सरकली. यादी म्हणजे जे जमलं त्याचा मागाहून काढलेला अर्क, असं म्हणणं जास्त प्रामाणिक.

खरी शिस्त होती ती फ्रेममोजणीत. सेकंदाला २४ फ्रेम. कड्यावरून पडलेला कायोटी १८ फ्रेममध्ये ठिपका होऊन दिसेनासा होतो. मग १४ फ्रेम काहीच नाही, आणि तळाशी धुळीचा लोट. ही मधली रिकामी जागा जेमतेम ०.५८ सेकंदाची. दिग्दर्शकाचा हिशेब असा की १३ फ्रेमला हशा येत नाही आणि १५लाही नाही.

हे हाताबाहेर गेलं की काय होतं, ते १९६५-६६मध्ये दिसलं. मूळ स्टुडिओ बंद पडल्यावर ११ पट बाहेरच्या तुकडीने कमी खर्चात काढले. पहिल्याला स्वतंत्र संगीत मिळालं. उरलेल्या १०मध्ये तेच तुकडे फिरवून चिकटवले, त्यामुळे स्वर एकीकडे आणि आपटणं दुसरीकडे. सांगायला पाठलाग तोच, पण हसू येत नाही.

‘बीप-बीप’ही मुळात ठरवून आलेला नाही. पार्श्वभूमी रंगवणारा एक चित्रकार हातात चित्रांचा ढीग घेऊन बोळातून जाताना लोकांनी बाजूला व्हावं म्हणून तोंडाने असा आवाज काढायचा. तोच ध्वनिमुद्रित केला. नीट ऐकलं तर तो ‘मीप’कडे झुकतो आणि रसिकांचं त्यावरून अजून भांडण चालतं. पडद्यावर मात्र लिहितात ‘बीप’. १९६८मध्ये एका मोटार कंपनीने ५० हजार डॉलर मोजून पक्ष्याचं नाव गाडीला घेतलं आणि हॉर्नही त्याच आवाजाचा बसवला.

कायोटी अ‍ॅक्मीला कोर्टात खेचतो, ही कल्पना १९९०च्या एका विनोदी लेखातली. तिच्यावरचा पूर्ण लांबीचा चित्रपट तयार होऊनही २०२३मध्ये निर्मात्या कंपनीने करसवलतीच्या हिशेबाने तो बासनात बांधला. गदारोळ झाला, आणि २०२५मध्ये तो दुसऱ्या वितरकाला विकला गेला. दावा अर्थातच फसलेल्या मालाचा आहे, अडाणीपणाचा नाही.