वर्षाच्या चटणीची पार्श्वभूमी: सातारा-सांगलीचं कांदा-लसूण तिखट

मार्च-एप्रिलच्या उन्हात कराड, कोरेगाव, तासगाव, विट्याच्या डंकांवर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रांवर, चटणीचे नंबर लागतात. चटणी म्हणजे इथे कांदा-लसणाचं वर्षभराचं तिखट. प्रत्येक घराची कृती वेगळी असते आणि ती लेकीला, नव्या सुनेला, पुण्या-मुंबईच्या भाचीला मायेनं लिहून दिली जाते. तरीही बऱ्याच वेळा तिकडे चटणी काळी पडते, कडवट होते नाहीतर श्रावणापर्यंत तिला बुरशी धरते. कागदावर प्रमाण उतरतं, त्यामागचं कारण मात्र देणाऱ्याच्याच घरी राहतं. माप कुठलं, मिरची कुठली, कांदा ओला तोलायचा की वाळवून, हे सगळं गृहीत धरलेलं असतं. या गृहीत गोष्टींना मोठा इतिहास आहे.

मुळात मिरची या मातीतली नाही. ती अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली. गोवा त्यांच्या ताब्यात गेला तो १५१० साली. त्याआधी इथलं जेवण तिखट व्हायचं ते मिरी, पिंपळी, आलं आणि मोहरीनं. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांपैकी राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात स्वयंपाकाचं सविस्तर वर्णन येतं. त्यात हिंग, मिरी, आलं, सैंधव भेटतात, पण मिरची नाही. शेंगदाणाही नाही, कारण तोही अमेरिकेतूनच आला. म्हणजे आजच्या चटणीतला हिंग, मिरी, हळद आणि खडा मसाल्याचा थर जुना, आणि मिरचीचा थर त्यावर नंतर चढलेला. मिरी घाटापलीकडच्या दमट मुलखातून विकत आणावी लागायची. मिरची परसात येते, वाळवली की वर्षभर टिकते. भाकरी खाणाऱ्या माणसाला स्वस्तात तिखट मिळालं, आणि मिरीला खड्या मसाल्यापुरती जागा उरली.

चटणीला इथे एवढं महत्त्व का आलं, हे पाऊस सांगतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्याच पट्ट्यात पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जतकडे तो पाचशेच्या आसपास अडखळतो. त्या दुष्काळी भागात ज्वारी-बाजरीची भाकरी पिकते, पण भाजीपाला चार महिनेसुद्धा पुरत नाही. मग रोजचं कोरड्यास, म्हणजे भाकरीबरोबरचं कालवण, असतं मटकी, हुलगा, मसूर, नाहीतर नुसती चटणी आणि तेल. भाजीवर घालायचा मसाला आणि भाकरीला लावायचं तोंडीलावणं ही दोन्ही कामं एकाच बरणीनं करायची. म्हणूनच तिच्यात कांदा, खोबरं, तीळ आणि तेल एवढं भरभरून असतं. बाकीच्या ठिकाणचं नुसतं लाल तिखट भाकरीबरोबर खाता येत नाही. ही चटणी येते.

जिन्नस चारी दिशांनी येतात. खोबरं कोकणातून, चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून पाटण-कराडकडे. कांदा लोणंद-फलटणच्या बाजूचा. शेंगदाणा आणि तीळ इथल्याच रानातले. मिरची दक्षिणेकडून: हावेरी जिल्ह्यातली ब्याडगी आणि बेळगाव जिल्ह्यातल्या संकेश्वरच्या नावाची संकेश्वरी. ब्याडगी सुरकुतलेली, रंगानं गडद, तिखटाला सौम्य. २०११ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. संकेश्वरी लांब, पातळ सालीची आणि झणझणीत. जुन्या माणसांची चटणी बहुतेक संकेश्वरीवर चालायची. ब्याडगीचा वाटा वाढला तो रंगाच्या हौसेनं. तेव्हा जुन्या कागदावर नुसती ‘मिरची १ किलो’ असेल आणि तुम्ही सगळी ब्याडगी घेतली, तर चटणी लालभडक होईल पण आमटीला तिखटपणा यायला दुप्पट घालावी लागेल. मग खोबरं आणि मीठही दुप्पट जातं आणि आमटी घट्ट, खारट होते. निम्मी-निम्मी हे सध्याचं सर्वांत भरवशाचं प्रमाण.

हळद सांगलीची. इथली राजापुरी हळकुंडं आणि सांगलीची हळदपेठ दूरवर नावाजलेली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीलाही मानांकन मिळालं. कृष्णाकाठच्या हरिपूरला ही हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत. २००५ च्या महापुरानं त्या पेवांचं मोठं नुकसान झालं आणि साठवण गोदामांकडे वळली. चटणीत मात्र हळदपूड घालू नये. अख्खं हळकुंड मंद तेलात टाकलं की ते फुगतं, आतून ठिसूळ होतं आणि बत्त्याखाली सहज फुटतं. तयार पूड वरून घातली तर कच्चा वास राहतो.

आता मापांकडे. बहुतेक कृती बिघडतात त्या इथेच. जुनी मापं दोन प्रकारची होती. वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. मापी शेर म्हणजे भांडं: दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. मिरची-खोबरं वजनावर घेत आणि धणे-तीळ मापानं. १९५६ च्या कायद्यानं दशमान वजनं-मापं आली, १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं बाजारात लागू झाली, आणि घरोघर चिपट्याचा ‘पाव किलो’ झाला. ही चूक अजून चालू आहे. पाव लिटरच्या भांड्यात धणे भरले तर ते जेमतेम ८०-९० ग्रॅम भरतात. त्याच भांड्यात तीळ दीडशेच्या आसपास. आजीच्या ‘तीन चिपटी धण्यां’ना पाऊण किलो धरलं तर चटणी धण्याची होते, रंग तपकिरी पडतो आणि आमटीला भुसभुशीत चव येते. सांगलीच्या कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० मध्ये आलं आणि वाटी-चमच्याचं माप मराठी स्वयंपाकघरात पक्कं बसलं. चार माणसांच्या भाजीला ते उत्तम. वर्षाच्या चटणीला मात्र तराजूच हवा, आणि कृती लिहून देणाऱ्यानं प्रत्येक जिन्नस ग्रॅममध्येच लिहावा.

एक किलो मिरचीचं चालणारं प्रमाण असं: सुकं खोबरं ४०० ग्रॅम, धणे ३००, तीळ २००, जिरे १००, ओला कांदा १ किलो, सोललेला लसूण ३००, आलं १००, हळकुंड ५०, खडा हिंग २०, खडे मीठ ३५० ग्रॅम, शेंगदाणा तेल ४०० मिली. लवंग, मिरी, दालचिनी, दगडफूल, तमालपत्र, मसाला वेलची, शहाजिरं, नाकेश्वर (नागकेशर), बाद्यान (चक्रीफूल), जायपत्री मिळून १५० ग्रॅम; यात लवंग आणि बाद्यान १५ ग्रॅमच्या पुढे नेऊ नये, नाहीतर त्यांचाच वास सगळीकडे येतो. एवढ्याची सव्वातीन ते साडेतीन किलो चटणी होते. मीठ एकूण वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं पडतं. ते चवीसाठी कमी आणि टिकण्यासाठी जास्त आहे, म्हणून ‘आम्ही मीठ कमी खातो’ म्हणून ते निम्मं करू नये. आमटीतलं मीठ कमी करावं.

मिरचीला दोन कडक उन्हं द्या, मग देठ खुडा. देठ आधी काढले तर बिया सांडतात. हातात धरून मोडली की कट्कन तुटली पाहिजे. वाकली तर आणखी ऊन हवं. कढईत तेलाचा नुसता हात लावून मंद आचेवर गरम होईपर्यंतच परतायची. डाग पडेपर्यंत भाजलेली मिरची कडू होते, आणि तो कडूपणा नंतर कशानंही जात नाही.

खरी परीक्षा कांद्याची. कांद्यात जवळजवळ ८५ ते ८७ टक्के पाणी असतं. एक किलो कांदा पुरता वाळला की दीडशे ग्रॅमच्या आसपास उरतो. उभा पातळ चिरून दोन-तीन दिवस उन्हात घालायचा, अंगाला चिकटेनासा झाला की तळायचा. वाळवल्याशिवाय तळायला घेतला तर बाहेरून लाल होतो, आत ओल राहते, आणि पावसाळ्यात बरणीच्या वरच्या थराला पांढरी बुरशी येते ती या ओलीनं. मुंबईच्या दमट हवेत दोन दिवसांत कांदा वाळत नाही. तिथे ताटात पसरून पंख्याखाली चार दिवस ठेवावा आणि तळल्यावर चुरून पाहावा. कुरकुरीत चुरा झाला तरच पुढे जावं. खोबरं किसून तांबूस होईपर्यंत तळायचं, पण आधी एक तुकडा चावून बघायचा. जुनं खवट खोबरं सगळी चटणी घेऊन जातं. तीळ तडतडायला लागले की लगेच उतरवायचे.

लसणाबद्दल दोन मतं आहेत. काही घरांत तो तेलात परततात, काही घरांत कच्चाच मिठाबरोबर कुटून शेवटच्या फेरीत मिसळतात. कच्च्या लसणाचा वास वर्षभर ताजा राहतो आणि भाकरीबरोबर खायला तीच चटणी सरस लागते. त्यासाठी मीठ पूर्ण हवं आणि लसूण जुना, सुका हवा. नव्या ओल्या लसणाला हा मार्ग धोक्याचा. तो आल्यासकट कोरडा होईपर्यंत परतावाच.

हे सगळं पूर्वी उखळात मुसळानं चालायचं. आता डंकावर, म्हणजे यंत्राच्या बत्त्यांखाली होतं. पिठाच्या चक्कीवर ही चटणी दळता येत नाही. तेलकट खोबरं-तिळानं दगड चिकटतात, तापतात आणि रंग काळवंडतो. डंकावर आधी मिरची आणि खडा मसाला, मग धणे-जिरे, शेवटी कांदा-खोबरं-लसूण असा क्रम ठेवला तर भरडपणा टिकतो. घरच्या मिक्सरवर करायची असेल तर थोडी थोडी, मध्ये भांडं गार होऊ देत.

चटणी एवढी टिकाऊ व्हायला मुंबईचाही हात आहे. गिरण्या सुरू झाल्या तशी जावळी, पाटण, खटावची माणसं गिरणगावात गेली आणि खानावळींत जेवू लागली. या खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गावाहून जाणाऱ्या गाठोड्यात चटणी असायचीच. प्रवास आणि समुद्राची दमट हवा सोसायची तर ती कोरडी, भरपूर तळलेली आणि दाबून भरलेलीच हवी. चिनी मातीच्या बरणीत तळाला हिंगाचा खडा, चटणी मुठीनं दाबत थर, वर पुन्हा हिंग, आणि तोंडाला कापड बांधायचं, ही पद्धत आजही तशीच ठेवावी. काचेच्या बरणीत भरली तर उजेडानं रंग उडतो. रोजच्या वापराला छोटा डबा वेगळा काढावा. ओला चमचा मोठ्या बरणीत कधीच जाऊ नये.

स्वयंपाकातही हिची एक अट आहे. तिच्यात तळलेला कांदा आणि खोबरं आधीच असल्यानं ती कडकडीत फोडणीत क्षणात करपते. कराड ते पेठनाक्याच्या ढाब्यांवरचा अख्खा मसूर हे त्याचं चांगलं उदाहरण. पाव किलो मसूर तासभर भिजवून, दाणा अख्खा राहील असा शिजवायचा. चार चमचे तेलात दोन कांदे आणि एक टोमॅटो तेल सुटेपर्यंत परतायचा, मग गॅस बारीक करून दोन मोठे चमचे चटणी घालायची, वीस-तीस सेकंद हलवून लगेच अर्धी वाटी गरम पाणी ओतायचं. तेल लाल होऊन वर आलं की मसूर टाकायचा. गार पाणी घातलं तर कट फुटत नाही आणि चटणी तळाला बसते.