फॅनस्पीक

विज्ञानकथांच्या इंग्रजीभाषक चाहत्यांनी, मुख्यतः अमेरिकेत, आपापसांत घडवलेली थट्टेखोर बोली आणि तिच्या सोबतची चिन्हे. १९२६ साली निघालेल्या ‘अमेझिंग स्टोरीज’ या विज्ञानकथांच्या मासिकात त्याचे संपादक ह्यूगो गर्न्सबॅक पुढे वाचकांची पत्रे पत्त्यांसकट छापू लागले. गावोगावचे एकांडे वाचक मग परस्परांनाच लिहू लागले, आणि १९३० पासून त्यांचे हौशी अंक निघाले. या अंकांना ‘फॅनझीन’ हे नाव १९४० मध्ये रस शोव्हने यांनी दिले.

बोली घडली ती टंकयंत्रावर. सायक्लोस्टाईलच्या मेणाच्या स्टेन्सिलवर अक्षर चुकले की खोडरबर चालत नाही. दुरुस्तीचा द्रव फासायचा, वाळू द्यायचा, मग पुन्हा टंकायचे. या द्रवाच्या ‘करेक्शन फ्लुइड’ या इंग्रजी नावाचे आखडून ‘कॉरफ्लू’ झाले. १९८४ मध्ये बर्कलीत सुरू झालेल्या फॅनझीनवाल्यांच्या संमेलनानेही तेच नाव घेतले. आळशी मंडळी चुकलेल्या शब्दावर तिरप्या रेघा मारून पुढे जात. खालचे वाचता येईच. त्यातून एक खोडी रुळली. मनातले आधी टंकायचे, वाचता येईल इतपतच खोडायचे आणि शेजारी सभ्य शब्द ठेवायचा. जॅक स्पीअर या चाहत्याने तर अवतरणचिन्हावर आडवी रेघ टंकून नवेच चिन्ह काढले. त्याचा अर्थ: शब्द नेमके हे नव्हेत, आशय मात्र हाच. छापखान्यांनी ते उचलले नाही. वार्ताहरांच्या फार कामी आले असते. चाहत्यांच्या शब्दांचा पहिला कोशही स्पीअर यांचाच, १९४४ चा.

टंकणातल्या चुकाही वाया गेल्या नाहीत. १९५० च्या सुमारास ली जेकब्ज यांच्या एका लेखाच्या शीर्षकात ‘फोक’ संगीताचे ‘फिल्क’ संगीत झाले. इंग्रजी कळफलकावर ‘ओ’ आणि ‘आय’ शेजारी आहेत, त्यामुळे बोट घसरायला फार लागत नाही. चाहत्यांच्या गाण्यांना हेच नाव कायमचे चिकटले.

‘इगोबू’ म्हणजे आपले नाव छापून आल्याचे सुख. मानधन नसलेल्या या व्यवहारात चलन तेवढेच. ‘गाफिया’चा प्रवास गमतीचा आहे. ‘सगळ्यापासून दूर जाणे’ या अर्थाच्या इंग्रजी वाक्प्रचाराची ही आद्याक्षरे. आधी अर्थ होता रोजच्या जगातून सुटून चाहत्यांत रमणे. पुढे तो उलटला आणि चाहत्यांचा नाद सोडणाऱ्याला तो लागू झाला.

१९३० च्या दशकात डोनाल्ड वॉलहाइम या चाहत्याच्या भोवती ‘घू’ नावाच्या देवाचा लुटुपुटीचा पंथ निघाला. त्याच्या नावातला मुका ‘एच’ इतर शब्दांतही शिरला, असे सांगतात. बिअरच्या स्पेलिंगमध्ये तो हमखास असे. उच्चार तोच राही. देवनागरीत ‘भिअर’ लिहिले की विनोद ऐकूही येतो, म्हणजे मुळातली मजा गेलीच.

पंखा लावलेली गोल टोपी हे ठळक चिन्ह. मिशिगनमधल्या रे नेल्सन या शाळकरी मुलाने १९४७ मध्ये ती घरगुती सामानातून बनवली. नंतर आपल्या व्यंगचित्रांत तो चाहत्यांच्या डोक्यावर ती चढवू लागला.