विक्का

विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये आकारास आलेला एक निसर्गपूजक धर्म. देवी आणि शिंगे धारण करणारा देव या युगुलाची उपासना, ऋतुचक्राशी जोडलेले आठ सण आणि विधिपूर्वक केलेले जादूचे प्रयोग ही त्याची प्रमुख अंगे होत. यूरोपातील ख्रिस्तपूर्व धर्मांपासून प्रेरणा घेणाऱ्या आधुनिक पंथांना एकत्रितपणे पेगन म्हटले जाते. प्राचीन केल्टिक पुरोहितांच्या परंपरेतून प्रेरणा घेणारा ड्रुइड पंथ, प्राचीन नॉर्स देवतांना मानणारा आसात्रू पंथ असे अनेक प्रवाह त्यांत येतात आणि विक्का हा त्यांपैकी सर्वाधिक परिचित होय. त्यामुळे विक्काचा अनुयायी हा पेगन असतो. पण प्रत्येक पेगन विक्काचा अनुयायी असतोच असे नाही. विक्काशी नेहमी जोडली जाणारी चेटूकविद्या ही मात्र एक साधना असून कोणताही धर्म न मानता ती करणारेही पुष्कळ आहेत.

विक्काला प्रकट रूप देण्याचे श्रेय जेराल्ड गार्डनर (१८८४–१९६४) यांना दिले जाते. त्यांच्या उमेदीची बहुतेक वर्षे श्रीलंका, बोर्निओ आणि मलाया येथे, प्रथम मळ्यांवर व नंतर मलायाच्या जकात खात्यात गेली. १९३६ मध्ये निवृत्त होऊन ते इंग्लंडला परतले. दक्षिण इंग्लंडमधील न्यू फॉरेस्ट परिसरातील एका गुप्त मंडळाने १९३९ मध्ये आपल्याला दीक्षा दिली आणि हे मंडळ प्राचीन धर्माचा अखंड चालत आलेला अवशेष होते, असे ते सांगत. ब्रिटनमधील १७३५ चा चेटूकविषयक कायदा १९५१ मध्ये रद्द झाल्यावर त्यांनी उघडपणे लेखन केले आणि १९५४ मध्ये त्यांचा ‘विचक्राफ्ट टुडे’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांच्या विधींमध्ये फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघाचे दीक्षाविधी, मध्ययुगोत्तर मंत्रतंत्राच्या पोथ्या आणि इंग्लिश गूढवादी ॲलिस्टर क्रोली यांचे लेखन यांतून घेतलेला मजकूर बराच आढळतो. १९५३ मध्ये दीक्षा घेतलेल्या डोरीन व्हॅलिएंटी (१९२२–१९९९) यांनी ही उसनवारी ओळखली, क्रोली यांच्या ओळी शक्य तेथे वगळल्या आणि देवीच्या मुखी घातलेले प्रसिद्ध गद्य नव्याने लिहिले. विक्काच्या उपासनेला जी काव्यात्मकता लाभली आहे, तिचा मोठा वाटा व्हॅलिएंटी यांचा आहे.

प्राचीन धर्म अखंड टिकून राहिल्याच्या कल्पनेला आधार होता तो मार्गारेट मरी यांच्या सिद्धांताचा. कोलकात्यात जन्मलेल्या आणि मुळात प्राचीन ईजिप्तच्या अभ्यासक असलेल्या मरी यांनी १९२१ मध्ये असे प्रतिपादन केले, की चेटकिणी म्हणून ज्यांच्यावर खटले चालले ते लोक वस्तुतः एका संघटित ख्रिस्तपूर्व धर्माचे अनुयायी होते. छळ करून मिळवलेले कबुलीजबाब सोयीस्करपणे निवडून हा सिद्धांत उभा केला असल्याचे पुढे नॉर्मन कोन आदी इतिहासकारांनी दाखवून दिले. तरीही तो दीर्घकाळ टिकला, याचे एक कारण कोणत्याही विश्वकोशाने लक्षात ठेवावे असे आहे : ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’मधील चेटूकविद्येची नोंद मरी यांनीच लिहिली होती, आपलेच मत सर्वमान्य असल्याच्या थाटात लिहिली होती आणि ती अनेक दशके तशीच छापली जात होती. इतिहासकार रॉनल्ड हटन यांनी १९९९ मध्ये विक्काचा सविस्तर इतिहास मांडून हा आधुनिक काळात घडलेला धर्म असल्याचे दाखवले. आज अनेक विक्कन (विक्काचे अनुयायी) हे मान्य करतात. धर्म नवा आहे एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही, ही त्यांची भूमिका रास्तच म्हटली पाहिजे.

याच संदर्भात यूरोपातील चेटकीण-संहाराचा उल्लेख नेहमी होतो. त्यात नव्वद लाख स्त्रिया जाळल्या गेल्याचा आकडा लोकप्रिय असला, तरी निराधार आहे. पंधराव्या ते अठराव्या शतकांत सुमारे ४० ते ५० हजार लोकांना देहदंड झाला, असा आजच्या अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते, पण पुरुषही होते, आणि बहुतेक सर्व जण सामान्य ख्रिस्ती गावकरी होते. इंग्लंडमध्ये या गुन्ह्यासाठी जाळत नसत, फाशी देत. अमेरिकेतील सेलम येथे १६९२ च्या खटल्यांनंतरही १९ जणांना फाशीच देण्यात आली.

विक्कन लोक सैतानाला भजतात, हा समज सर्वत्र आढळतो. सैतान ही ख्रिस्ती धर्मातील कल्पना असून विक्कात त्याला स्थान नाही. शिंगे असलेल्या देवाचे रूप ग्रीकांचा पॅन आणि केल्टिक सर्नुनोस या देवांवरून घडले आहे. कोणाचेही अहित होत नसेल, तर इच्छेनुसार वागावे, हा विक्काचा मुख्य नीतिनियम होय. केलेले कर्म तिपटीने परत येते, असेही अनेक जण मानतात. पुनर्जन्म आणि कर्म या कल्पना ब्रिटनमधील गूढवादी वर्तुळांत थिऑसॉफी या पौर्वात्य विचारांनी प्रभावित चळवळीमुळे आधीच रुळल्या होत्या, त्यामुळे भारतीय वाचकाला हा भाग फारसा परका वाटणार नाही.

विधी सामान्यतः जमिनीवर आखलेल्या किंवा कल्पिलेल्या वर्तुळात होतात. चार दिशांना वायू, अग्नी, जल व पृथ्वी या तत्त्वांचे आवाहन केले जाते. अथेम नावाची काळ्या मुठीची सुरी वर्तुळ आखण्यासाठी वापरतात, कापण्यासाठी नव्हे. बळी दिला जात नाही. गार्डनर यांच्या परंपरेत दीक्षेच्या तीन पायऱ्या आहेत, मंडळात परंपरेने तेरापर्यंत सभासद असतात, विधी नग्नावस्थेत होतात आणि विधींची वही दीक्षितांनी हाताने उतरवून घ्यायची असते. पुढे निघालेल्या शाखांनी यांतील पुष्कळ बंधने सोडली. आज कोणत्याही मंडळात न जाता एकट्याने उपासना करणारेच फार मोठ्या संख्येने आहेत. सणांपैकी ३१ ऑक्टोबरचा सावन हा मृतांच्या स्मरणाचा, तर मे महिन्याच्या आरंभीचा बेल्टेन हा सुफलतेचा. उरलेले अयनदिन, विषुवदिन आणि त्यांमधील दिवसांवर येतात. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असल्यामुळे ऑस्ट्रेलियातील बहुसंख्य विक्कन सावन एप्रिलच्या अखेरीस पाळतात.

भारतात कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्ती यांनी १९८० च्या दशकात आपण विक्कन असल्याचे जाहीर केले. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा मात्र वेगळ्या वास्तवातून आला आहे. एखादी व्यक्ती करणी करते असे जाहीर करून तिला छळणे आणि अघोरी प्रथांद्वारे लोकांना फसवणे अशी ठरावीक कृत्ये तो गुन्हा मानतो. सातपुड्याच्या परिसरात डाकीण ठरवल्या गेलेल्या स्त्रीवर तो शिक्का इतरांनी मारलेला असतो. विक्कन व्यक्ती ते नाव स्वतः निवडते.

अमेरिकेत १९८६ मध्ये संघीय अपील न्यायालयाने विक्का हा घटनात्मक संरक्षणास पात्र धर्म असल्याचे मान्य केले. वर्तुळातील पंचकोनी तारा हे त्याचे चिन्ह माजी सैनिकांच्या शासकीय थडग्यांवर कोरण्यास २००७ मध्ये परवानगी मिळाली. इंग्लंड व वेल्स यांच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म पेगन, तर सुमारे १३ हजारांनी विक्का असा नोंदवला.