सामाईक शेतजमिनीची वाटणी : तहसीलमध्ये अर्ज की दिवाणी दावा?

वडिलोपार्जित जमीन सातबाऱ्यावर सामाईक राहते, भावकीतील प्रत्येक जण आपल्या सोयीच्या भागावर वहिवाट करतो आणि विहिरीवरून किंवा धुऱ्यावरून वाद पेटला की तहसील गाठली जाते. मात्र अर्जापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी : वाद हिस्सा किती याचा आहे, की मान्य असलेला हिस्सा जमिनीवर कोठे पडावा याचा? दुसऱ्या प्रकारात महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ अन्वये तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. पहिल्या प्रकारात, म्हणजे मालकीहक्काचाच प्रश्न उभा राहिल्यास, दिवाणी न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत महसूल अधिकाऱ्यांना वाटणी करता येत नाही.

अर्ज कोणताही एक सहधारक करू शकतो. मात्र उर्वरित सर्वांची नावे व पत्ते द्यावे लागतात, कारण त्यांना नोटीस देऊन त्यांचे म्हणणे ऐकल्याशिवाय वाटणी होत नाही. मयत खातेदाराचे नाव अजून सातबाऱ्यावर असेल, तर आधी तलाठ्याकडे वारस नोंदीचा फेरफार करून घ्यावा. येथेच बहिणींची नावे गाळली जातात आणि पुढचे बहुतेक कज्जे येथूनच सुरू होतात, असे माझे मत आहे. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. बहिणीला स्वखुशीने हक्क सोडायचा असेल, तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवावे लागते; साध्या मुद्रांकावर घेतलेल्या सहीने तिचा हक्क संपत नाही.

अर्जासोबत सर्व गटांचे चालू सातबारे, आठ-अ, वारसांचे फेरफार, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र, गटाचा नकाशा आणि ओळखपत्र जोडावे. जमीन वडिलोपार्जित असल्याबद्दलच वाद असेल, तर मराठवाड्यात चालू सातबारा पुरत नाही. १९५४-५५ चे खासरा पत्रक (त्या काळची जमिनीची मूळ नोंद) आणि त्यानंतरची पाहणी पत्रके (कब्जा व पिकांच्या वार्षिक नोंदी) यांच्या नकला तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढाव्यात. निजामकाळातील कागद उर्दूत असल्यास मराठी भाषांतर करून घ्यावे. जमीन इनामी किंवा भोगवटादार वर्ग दोनची (शासनाच्या परवानगीशिवाय हस्तांतर करता न येणारी) असेल, तर तिच्यावरील शर्ती आधी तपासाव्यात.

नोटिसा, जबाब आणि स्थळपाहणीनंतर भूमि अभिलेख कार्यालयाकडून पोटहिश्श्यांची मोजणी होते, आदेश निघतो आणि फेरफाराने स्वतंत्र सातबारे तयार होतात. तुकडेबंदीच्या मर्यादेपेक्षा लहान तुकडा मात्र पाडता येत नाही. जिरायतीसाठी ही मर्यादा २० गुंठे व बागायतीसाठी १० गुंठे आहे, त्यामुळे कमी क्षेत्राच्या हिस्सेदाराला जमिनीऐवजी मोबदला घ्यावा लागू शकतो. तहसीलदारांचा आदेश मान्य नसल्यास ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करावे.

दिवाणी दाव्यात सर्व सहहिस्सेदारांना पक्षकार करावे लागते; एक बहीण जरी सुटली, तरी दाव्यात दोष राहतो. दावा चालू असताना कोणी जमीन विकण्याच्या तयारीत असेल, तर मनाई हुकमाचा अर्ज त्याच वेळी द्यावा. न्यायालय आधी हिस्से ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा देते. महसूल आकारणीच्या जमिनीची प्रत्यक्ष वाटणी मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, म्हणून हुकूमनामा मिळाल्यावर तो घरात ठेवून न देता अंमलबजावणीसाठी पाठपुरावा करावा. महिलेला उत्पन्नाची अट न लागता जिल्हा किंवा तालुका विधी सेवा संस्थेकडून मोफत वकील मिळतो. दाव्यात तडजोडीची तयारी असेल, तर लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो, त्यावर अपील नसते आणि भरलेले न्यायालय शुल्कही परत मिळते.