बारा ग्रॅमचा पतंग

संक्रांतीच्या सकाळी साडेआठला आम्ही मामा-भाचे नाशिकच्या गच्चीवर उभे होतो आणि आमच्या पायाशी गरुडाचं चित्र असलेला एक मोठा त्रिकोणी पतंग निपचित पडला होता. कापडी. फायबरच्या काड्या, प्लॅस्टिकचे सांधे, ठेवायला स्वतःची पिशवी. किंमत नऊशे रुपये. भाचा फलटणहून खास पतंगासाठी आलेला. त्याच्यासाठी मी ऑनलाइन मागवलेला हा गरुड गच्चीभर तीनदा पळवूनही कठड्याच्या वर काही गेला नाही. शेजारच्या गच्चीवरच्या सहावीतल्या पोराने मात्र दहा रुपयांचा कागदी पतंग नुसत्या मनगटाच्या झटक्यांनी पाण्याच्या टाकीवरून, मग नारळाच्या शेंड्यावरून पार वर नेला. नेता नेता आमच्याकडे बघून म्हणाला, "काका, पंखा लावा त्याला."

निम्मं आयुष्य शाळेत भौतिकशास्त्र शिकवण्यात गेलेल्या माणसाला हे लागणारच. दोन दिवसांनी मी गरुड आणि त्या पोराच्यासारखाच एक कागदी पतंग घेऊन एका सराफ मित्राच्या दुकानात गेलो. सोन्याच्या काट्यावर पतंग ठेवायला तो आधी तयार होईना; मग त्यालाच गंमत वाटली. कागदी पतंग भरला १२ ग्रॅम. गरुड १३० ग्रॅम.

पण नुसत्या वजनावरून निकाल लावणं बरोबर नाही, कारण गरुड मोठाही होता. पंखांची रुंदी १४० सेंटिमीटर, उंची ७०, म्हणजे क्षेत्रफळ साधारण अर्धा चौरस मीटर. कागदी पतंगाचे दोन्ही कर्ण ६० सेंटिमीटरचे, म्हणजे ०.१८ चौरस मीटर. वजनाला क्षेत्रफळाने भागलं, की कागदी पतंगाच्या वाट्याला चौरस मीटरमागे ६७ ग्रॅम येतात आणि गरुडाच्या वाट्याला २६५. पतंग घेताना मनात धरायचा आकडा हाच. हलक्या वाऱ्यात उडण्यासाठी पतंग नुसता हलका असून भागत नाही, पसरट असून हलका असावा लागतो.

आता वाऱ्याच्या बाजूने बघू. एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.२ किलो. त्या सकाळी वारा असेल सेकंदाला दोन मीटर, म्हणजे ताशी सात किलोमीटर. या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरवर जेमतेम २.४ न्यूटन भरतो. तोही सगळा पतंग उचलायला मिळत नाही. काही भाग त्याला नुसता मागे ढकलण्यात जातो. साध्या सपाट पतंगाला त्यातला ऐंशी टक्के उपयोगी पडला असं धरलं, तरी चौरस मीटरमागे दोनशे ग्रॅमपेक्षा जास्त वजन तो वारा उचलू शकत नाही. ६७ ग्रॅमवाला सहज गेला. २६५वाला पायाशी पडला. तीनदा पळण्यात भाच्याची चूक नव्हती.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गात वाढतो, आणि इथे हा नियम दोन्हीकडून कापतो. वेग निम्मा झाला तर जोर चौथाईवर येतो. उलट चौरस मीटरमागचं वजन चौपट झालं, तर तरंगायला दुप्पट वेगाचा वारा लागतो. ढोबळ हिशेबाने आमच्या कागदी पतंगाला ताशी चार-सव्वाचार किलोमीटरचा वारा पुरतो, गरुडाला साडेआठच्या पुढचा हवा. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. पण नाशिकमधली थंडीतली सकाळ बहुतेक वेळा नेमकी या दोन आकड्यांच्या मधेच अडकलेली असते.

हलक्या वाऱ्याचे कापडी पतंग परदेशात मिळतात आणि ते उडतातही झकास. त्यात कार्बनच्या पोकळ काड्या असतात, कापड अगदी तलम असतं आणि किंमत चार आकडी असते. मला त्यात गंमत वाटते ती अशी, की एवढा खर्च करून ते लोक जिथे पोचायला बघतात, तिथे आपला बांबूच्या दोन कामट्यांचा नि पतंगी कागदाच्या एका तुकड्याचा पतंग आधीपासूनच बसलेला आहे. बांबूच्या सालीलगतच्या भागात तंतू दाट असतात. वजनाच्या मानाने इतकं ताठ आणि तरी लवचीक, आणि वर इतकं स्वस्त दुसरं काही मिळणं कठीण. स्वस्तातला पतंग म्हणजे नाइलाजाचा पतंग, ही समजूत मीही त्या सकाळपर्यंत बाळगून होतो.

मग दुकानात गेल्यावर ढिगातला कुठला उचलायचा?

आकारापासून सुरुवात करतो, कारण मोठा पतंग जास्त वारा धरतो असं सगळ्यांना वाटतं. धरतो हे खरं, पण पतंग लांबी-रुंदीने दुप्पट केला की कागद चौपट होतो आणि काड्या दुप्पट लांब, शिवाय वाकू नयेत म्हणून दुप्पट जाड. म्हणजे काड्यांचं वजन आठपट. जगातल्या सगळ्या मोठ्या गोष्टींना ही खोड आहे. हत्तीचे पाय उगाच खांबासारखे नसतात. अगदी पिटुकला घ्यावा, तर बांबू एका मर्यादेपलीकडे बारीक तासता येत नाही आणि दोऱ्याचं वजन पतंगाला जड होतं. म्हणून मधला घ्यावा. तावाच्या भाषेत सांगायचं तर अर्ध्या तावाच्या आसपासचा.

दुकानदार वैतागणार नसेल, तर एक चाचणी जरूर करावी. पतंग खांद्याच्या उंचीवर आडवा धरायचा आणि सोडून द्यायचा. हलका पतंग डुलत, तिरका घसरत दीड-दोन सेकंदांनी जमिनीला टेकतो. जड असेल तर पटकन खाली बसतो. हीच उड्डाणाची परीक्षा आहे, फक्त उलटी केलेली. तिथे वारा स्थिर पतंगावर येतो, इथे पतंग स्थिर हवेतून खाली येतो. जो हळू पडतो तो हलक्या वाऱ्यात उडतो. वजनकाट्याची गरज नाही आणि सराफाचीही नाही.

त्यानंतर कमान. आडवी वाकवलेली ही काडी मधे जाड आणि टोकांकडे निमुळती हवी. दोन्ही टोकं बोटांनी हलकेच मागे दाबून बघायची. एक बाजू जास्त लवली तर तो पतंग वर गेल्यावर त्याच बाजूला गिरक्या खाणार. उभी काडी बोटावर आडवी तोलून धरली, की कुठला पंख जड आहे तेही कळतं. थोडा फरक असेल तर हलक्या बाजूला कागदाचा कपटा चिकटवून भागतं. कागदावर टिचकी मारून बघावी. ताणलेला कागद टणक आवाज करतो. प्लॅस्टिकचे पतंग मी घेत नाही. पातळ प्लॅस्टिक वजनाला कागदाइतकंच हलकं असतं आणि दवाने भिजत नाही, हे कबूल. पण ते ताणलं की सैल पडतं, काड्या चिकटपट्टीने लावलेल्या असतात म्हणून वजन वाढतं, आणि झाडावर अडकलं की पुढच्या संक्रांतीलाही तिथेच दिसतं. कागदी पतंगाला मात्र संध्याकाळचं दव मानवत नाही. भिजला की जडही होतो आणि ढिलाही.

कमानीत एक गुपित आहे. १८९०च्या दशकात विल्यम एडी नावाच्या अमेरिकन पत्रकाराने मलायाकडचे बिनशेपटीचे पतंग बघून तसा पतंग बनवला आणि १९०० साली त्याचं पेटंट घेतलं. त्याची आडवी काडी दोरीने ओढून कायमची मागे वाकवलेली असे. त्यामुळे पतंग होडीच्या तळासारखा होतो. एका बाजूला कलंडला, की खालच्या पंखाला वारा जास्त लागतो आणि पतंग आपला आपण सरळ होतो. शेपटीची गरज उरत नाही. आपला पतंग याहून एक पाऊल पुढचा. तो मुळात सपाट असतो. दोरा ओढला की वाऱ्याच्या दाबाने कमान मागे वाकते, पतंगाची होडी होते आणि नाक जिकडे असेल तिकडे तो सरळ धावतो. ढील दिली की कमान परत सपाट होते, तोल जातो आणि पतंग जागच्या जागी फिरायला लागतो. फिरता फिरता नाक हव्या त्या दिशेला आलं, की पुन्हा ओढायचं. एका दोऱ्यावर, कुठल्याही सुकाणूशिवाय, पतंग पाहिजे तिथे नेण्याची ही युक्ती आहे. शेजारच्या पोराला यातलं काहीही सांगता आलं नसतं. त्याचं मनगट ते करत होतं.

त्याच्या मनगटाचे ते झटके म्हणजे ठुमक्या. त्यांचं आणखी एक काम असतं. पतंगाला वारा कुठून आला याच्याशी देणंघेणं नसतं; त्याच्यालेखी हवा आणि तो यांच्यातला वेग म्हणजेच वारा. तुम्ही हातभर दोरा झटक्यात ओढलात, की तेवढ्या क्षणापुरता पतंगासाठी वारा वाढतो आणि तो दोन हात वर चढतो. मग थोडा दोरा सोडायचा, पुन्हा ओढायचा. हे करायला पतंग हलकाच पाहिजे, कारण जड पतंग झटक्याबरोबर वेग घेत नाही आणि दोरा सोडल्यावर तरंगत राहण्याऐवजी खाली येतो.

पतंगाला वरून आणि खालून बांधलेला जो दुपेडी दोरा असतो, कुणी त्याला कन्नी म्हणतं, कुणी आणखी काही, त्यात खालचा पाय वरच्यापेक्षा एक-दोन बोटं लांब ठेवतात. त्याने नाक आपल्याकडे झुकतं. खालचा पाय आखूड पडला तर पतंग भिंतीसारखा वाऱ्याला आडवा उभा राहतो, ओढतो खूप पण चढत नाही. फार लांब झाला तर डोक्यावर येऊन दोरा ढिला सोडतो आणि कोसळतो. या दोन्हींच्या मधे कुठे थांबायचं ते प्रत्येक पतंगागणिक वेगळं असतं, गाठ दोनदा सोडून बांधायची तयारी ठेवावी.

एवढी पारख करून लोक पतंग घेतात आणि दोऱ्यात सगळं घालवतात. शिवणाचा साधा सुती दोरा शंभर मीटरला तीनेक ग्रॅम भरतो. ०.३ मिलिमीटर जाडीचा नायलॉनचा धागा तेवढ्याच लांबीला आठ ग्रॅम. म्हणजे बारा ग्रॅमच्या पतंगाने आणखी दोन-तृतीयांश पतंग उचलून धरायचा. शिवाय दोऱ्यालाही वारा लागतो. ०.३ मिलिमीटर गुणिले शंभर मीटर केलं की ०.०३ चौरस मीटर होतात, पतंगाच्या क्षेत्रफळाचा सहावा हिस्सा. दोरा मधे पोट काढून झोळ खातो तो या दोन्हींमुळे. आणि हलक्या वाऱ्यात ओढ असते तरी किती? आमच्या पतंगाची जेमतेम चाळीस ग्रॅम. वारा तिप्पट झाला तरी चारशेच्या आत. त्यासाठी एक किलो ताण सोसणारा दोरा भरपूर झाला. पक्ष्यांच्या पंखांवर आणि दुचाकीवाल्यांच्या गळ्यावर येणारा नायलॉन मांजा राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये देशभर बंद केलेला आहेच. पण बंदी नसती तरी हलक्या वाऱ्यात तो घेणं हिशेबाने मूर्खपणाचंच ठरलं असतं.

वेळेचंही बघावं. रात्रभर जमीन गार होते, तिच्यालगतची हवा जड होऊन बसून राहते आणि वरचा वारा खाली उतरत नाही. दहा-अकराला जमीन तापली की हवा ढवळली जाते आणि वारा सुटतो. मुंबईत आणि कोकणपट्टीवर दुपारी समुद्रावरून येणारा वारा हे काम करतो. वारा किती आहे ते मात्र पिंपळाकडे बघून ठरवू नये. त्याची पानं लांब देठांवर टांगलेली असल्याने जराशा हवेनेही सळसळतात. कडुनिंबाची पानं हलताहेत आणि तोंडावर वारा जाणवतोय, एवढं झालं की कागदी पतंग निघतो. उंची मिळाली की पुढे सोपं असतं. मोकळ्या मैदानात दोन मीटरवर जो वारा असतो, त्याच्या साधारण १.४ पट वीस मीटरवर असतो आणि जोर जवळजवळ दुप्पट. म्हणून खरी लढाई पहिल्या वीस मीटरचीच असते. लांब जाऊन पतंग धरून सोडणारा भिडू त्यासाठीच लागतो. येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस पतंग चालतात. तिथली मंडळी फिरकीऐवजी आसारी नावाच्या तिथल्या खास चक्रीवर दोरा भराभर गुंडाळतात, तेव्हा पतंगाला आयती ओढ मिळत जाते.

त्या दिवशी आम्ही साडेदहाला खाली जाऊन चार कागदी पतंग आणि साध्या दोऱ्याचं एक रीळ आणलं. दोन फाटले, एक त्या सहावीतल्या पोराने काटला, चौथा दुपारपर्यंत वर होता. गरुड पिशवीत भरून भाच्याने फलटणला नेला. त्यांच्याकडे पतंग नागपंचमीला उडतात, श्रावणातल्या पश्चिमेच्या भणाणत्या वाऱ्यात. त्या दिवशी बहिणीच्या फोनवरून त्याने व्हिडिओ पाठवला. आजूबाजूचे कागदी पतंग पाऊस-वाऱ्याने चिंध्या होऊन तारांना लोंबत होते, गरुड ताठ उभा होता आणि दोरा धरून भाचा ओरडत होता, "मामा, हा मलाच ओढतोय!"