फोम केलेलं डांबर बिघडतं का? इन्फ्रारेड चाचणी काय सांगते

"साहेब, डांबरात पाणी गेलं म्हणजे माल खराबच ना?" जुना रस्ता खरवडून त्याच खडीत फोम बिटुमेन, म्हणजे फेसाळलेलं डांबर, मिसळणाऱ्या कंत्राटदारांचा आमच्या प्रयोगशाळेत पहिला प्रश्न हाच असतो.

१६० ते १८० अंशांवर तापलेल्या डांबरात वजनाच्या २-३ टक्के गार पाणी दाबाने सोडलं की त्याची वाफ होते, डांबर दहा-पंधरा पट फुगतं आणि काही सेकंदांत खाली बसतं. तेवढ्यात ते थंड, ओलसर खडीतल्या बारीक भुकटीला धरतं. हा सगळा वाफेचा खेळ आहे, त्यात रसायन फारसं बदलत नाही.

खात्री कशी करायची? मोहरीएवढा ठिपका यंत्रातल्या हिऱ्याच्या खिडकीवर दाबून बसवतो आणि खालून अवरक्त (इन्फ्रारेड) किरण सोडतो. रेणूंमधले बंध आपापल्या ठरलेल्या जागी किरण शोषतात आणि त्याचा आलेख निघतो. आलेखावर या जागा प्रतिसेंटिमीटरमध्ये मोजतात. १७०० आणि १०३० जवळची शिखरं ऑक्सिजन लागल्याची, म्हणजे डांबर म्हातारं झाल्याची. ती नुसती उंच दिसून भागत नाही, कारण ठिपका कमीजास्त दाबला गेला तरी उंची बदलते. म्हणून १४६० आणि १३७५ या फारशा न हलणाऱ्या शिखरांशी त्यांचं गुणोत्तर काढतो.

फोमच्या आधीचा आणि नंतरचा आलेख सहसा एकमेकांवर बसतो. ३४०० जवळ पसरट उंचवटा आणि १६४० ला छोटं शिखर दिसलं, तर पाणी अडकून राहिलंय एवढंच. १७०० चं शिखर वाढलं असेल, तर पाण्याला दोष देण्याआधी टाकीत डांबर किती तास उकळत होतं ते विचारा.

एक अडचण आधीच सांगतो. किरण जेमतेम एक-दोन मायक्रॉन आत जातात आणि आपल्या काळ्या दगडाची भुकटी नेमकी १०३० च्या आसपासच शोषते. रस्त्यावरून काढलेल्या डांबरात ती राहिली, तर चांगला मालही म्हातारा दिसतो. डांबर खडीतून विरघळवून काढायला वापरलेलं टोल्युइन पुरतं उडालं नसेल तर ७२८ ला आणखी एक फसवं शिखर येतं. शिवाय फोम किती फुगतो, किती सेकंद टिकतो किंवा माल व्हीजी-३० या ग्रेडचा आहे का, हे या चाचणीत कळत नाही. त्याच्या चाचण्या वेगळ्या.

नमुने दोन आणा: एकाच टँकरचे, एक फोमच्या आधीचा, एक नोझलमधून निघालेला. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा आणा. मागे एकांनी पाण्याच्या बाटलीत गरम डांबर ओतलं. बाटली आक्रसली आणि गाडीची डिकी काळी झाली. डब्यावर तापमान आणि वेळ लिहा. आणि नमुना गॅसवर पुन्हा वितळवू नका. मग आलेखात तुमच्या गॅसची आचच दिसेल.